पुरंदरचा वेढा पटावर: संगणकावरचा पहिला युद्धखेळ कसा घडवायचा

पहिला गेम पानिपतचा करायला घेऊ नका. युद्धखेळ करायची इच्छा घेऊन जी मुलंमुली भेटतात, त्यांतल्या बहुतेकांच्या वहीच्या पहिल्या पानावर १४ जानेवारी १७६१ ही तारीख असते. ती ओढ मला कळते. पण त्या एका दिवसामागे मैलोन्‌मैल पसरलेली फळी आहे, दोन्हीकडचे डझनावारी सरदार आहेत, कित्येक आठवडे तुटलेली रसद आहे, सैन्याबरोबर चाललेला यात्रेकरूंचा आणि कुटुंबकबिल्याचा प्रचंड मेळा आहे. यातलं काही गाळावं तर पानिपत उरत नाही, सगळं घ्यावं तर काम चौथ्या महिन्यात थांबतं. मी अशी तीन अर्धवट पानिपतं पाहिली आहेत आणि तिन्ही वेळा करणाऱ्याची हुशारी कमी पडली नव्हती, विषयच पेलला नव्हता.

पुण्यात राहणाऱ्याला याहून चांगली सोय आहे. एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा अंतरावर, एका डोंगरावर घडलेली आणि कागदोपत्री बऱ्यापैकी नोंदलेली लढाई आपल्याकडे आहे: १६६५चा पुरंदरचा वेढा. हा लेख तोच धागा धरून लिहिला आहे. तुम्ही दुसरी लढाई निवडलीत तरी पायऱ्या याच राहतील.

आधी प्रश्न शोधा

गोष्ट थोडक्यात अशी. मिर्झाराजा जयसिंग मार्च १६६५ मध्ये पुण्यात आला. महिनाअखेरीस दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला. पुरंदरच्या पूर्वेला, मध्ये भैरवखिंड सोडून, त्याच डोंगराच्या सोंडेवर वज्रगड आहे. मोगलांनी आधी वज्रगडाकडे तोफा चढवल्या आणि १४ एप्रिलला वज्रगड पडला. त्यानंतर पुरंदरची माची माऱ्यात आली. मुरारबाजी देशपांडे निवडक माणसं घेऊन दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले, तरी गड लढत राहिला. जूनमध्ये तह झाला. महाराजांना पस्तीसपैकी २३ किल्ले द्यावे लागले, १२ राहिले.

यातून खेळाडूपुढे ठेवायचा प्रश्न एका ओळीत लिहा. माझा असा आहे: हाताशी मोजकी माणसं असताना वज्रगड किती दिवस धरायचा? गड वाचेल की नाही हा प्रश्न नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण वज्रगडावर शंभर माणसं जास्त ठेवली तर माची तेवढ्याने दुबळी होते, आणि कमी ठेवली तर तोफा लवकर वर येतात. या ओढाताणीत खेळाडूला खरा निर्णय घ्यावा लागतो. तुमच्या लढाईचा प्रश्न एका ओळीत मावत नसेल तर लढाई अजून मोठी आहे, तिचा एक दिवस किंवा एक टेकडी उचला.

हार-जीतही इथेच ठरवून टाका. मी तहाचा आकडाच गुण म्हणून घेतला. बचाव करणारा जितका जास्त टिकेल, समोरच्याचं जितकं नुकसान करेल, तितके तहात कमी किल्ले जातील. खेळ संपल्यावर पडद्यावर एकच आकडा येतो: किती किल्ले राहिले. १२ राहिले तर इतिहासाएवढं जमलं, १५ राहिले तर तुम्ही त्याहून चांगलं लढलात. हरलेल्या लढाईचा खेळ करताना ही युक्ती फार कामी येते, कारण बाजू हरणारी असली तरी प्रत्येक पाळीला काहीतरी वाचवण्यासारखं उरतं.

मग जमिनीवर जा

ही पायरी वगळू नका. घरात बसून केलेल्या नकाशात डोंगर म्हणजे तपकिरी रंग असतो, चढून आल्यावर तो डोंगर होतो.

पुण्याहून दिवे घाटाने सासवड, तिथून नारायणपूर. गडावर गाडीरस्ता जातो, पण शक्य असेल तर पायवाटेने चढा आणि दर वळणावर घड्याळ बघून वेळ लिहा. गड लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा, फोटोबद्दल आधी विचारा आणि जिथे सोडत नाहीत तिथे जाऊ नका. वज्रगडावर जाता आलं नाही तरी बिघडत नाही. पुरंदरच्या माथ्यावर केदारेश्वराचं देऊळ आहे, तिथे पोचलात की पूर्वेला, खाली, वज्रगड दिसतो. तिथून माचीकडे आणि पुन्हा वज्रगडाकडे बघा. दिलेरखानाने आधी तिकडे का मोर्चा वळवला ते तिथे उभं राहिल्यावर कोणी सांगावं लागत नाही.

आणखी एक पुरावा आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी पुरंदर घेतला तेव्हाही वज्रगड आधी हाती आला आणि दोन दिवसांत पुरंदर खाली ठेवावा लागला. दीडशे वर्षांनंतर आलेली दुसरी फौज, दुसऱ्या तोफा, तरी वाट तीच. याचा अर्थ निर्णय सेनापतीच्या डोक्यात कमी आणि जमिनीत जास्त होता. तुमच्या खेळाची खरी कसोटी हीच धरा. पटावर जमीन नीट उतरली असेल तर खेळाडूला वज्रगडाबद्दल एक अक्षर सांगावं लागणार नाही, तो स्वतःच तिकडे जाईल.

नकाशासाठी दोन गोष्टी वापरा. सर्व्हे ऑफ इंडियाचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा, ज्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. दुसरं म्हणजे २००० साली अवकाशयानातून मोजलेली उंचीची माहिती. ती ३० मीटरच्या जाळीत फुकट मिळते आणि क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते. नकाशावर गडाचा आकार कळतो, उंचीच्या माहितीतून संगणकाला आकडे मिळतात. दोन्ही लागतात.

माणसं, शस्त्रं, तारखा यांसाठी सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालापासूनचं. शस्त्रांचा खरा आकार आणि घडण बघायला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. वाचताना प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहून ठेवा. मिर्झाराजाची त्या वेळची फारसी पत्रं वेगळी आणि नंतर लिहिलेल्या बखरी वेगळ्या. बखरीत मुरारबाजींबरोबर सातशे माणसं असल्याचं येतं. तो आकडा घ्या, पण तो बखरीतला आहे ही नोंद खेळाच्या माहिती पानावर असू द्या. आपल्याकडे ही माणसं लोकांच्या मनात देव्हाऱ्यात आहेत. गृहीत काय आणि नोंदलेलं काय हे स्पष्ट सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

पट कागदाचाच हवा

संगणक अजून उघडू नका. मोठ्या कागदावर षटकोनांची जाळी छापून घ्या. षटकोन का, तर चौकोनी घरात आडव्या-उभ्या शेजाऱ्याचं अंतर एक असतं आणि तिरक्या शेजाऱ्याचं १.४१. त्यामुळे तिरकं चालणारा फुकट पुढे जातो. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत छापील युद्धखेळांत ही जाळी आली आणि आजतागायत टिकली ती याच गुणामुळे.

मी एक घर ३०० मीटरचं धरलं. २० घरं रुंद आणि १८ ओळी, म्हणजे ३६० घरं, साधारण सहा किलोमीटर गुणिले पावणेपाच. दोन्ही गड, खिंड, पायथा आणि छावणीची जागा एवढ्यात बसते. प्रत्येक घरात पेन्सिलीने सरासरी उंची लिहा.

इथे नवखे एक चूक हमखास करतात. कडा आणि तट हे ते घराच्या आत काढतात आणि मग त्या घरात उभा असलेला माणूस कड्याच्या वर आहे की खाली, हे कोणालाच सांगता येत नाही. कडा, तट, नदी या गोष्टी घराच्या बाजूवर काढा, दोन घरांच्या मधल्या रेषेवर. 'या बाजूने चढता येत नाही', 'या बाजूला दरवाजा आहे', 'या बाजूवर तट आहे पण तोफेने पडू शकतो' असा प्रत्येक बाजूला आपला स्वभाव द्या. पुरंदरसारख्या गडाचा निम्मा खेळ या रेषांवर चालतो.

सोंगट्यांना पुठ्ठ्याचे चौकोन पुरतात. आमच्या घरी मोगलांच्या तुकड्यांना हरभरे आणि तोफांना सुपाऱ्या होत्या, काही अडलं नाही. दोन फासे घ्या. दोन कशाला, याचं कारण आहे. एका फाशावर एकापासून सहापर्यंत सगळी दानं सारख्या शक्यतेची असतात. दोन फाशांच्या बेरजेत सात छत्तीसपैकी सहा वेळा येतात, दोन किंवा बारा मात्र छत्तीसपैकी एकेकदाच. म्हणजे बहुतेक वेळा अपेक्षित तेच घडतं आणि क्वचित विपरीत. लढाईला हा स्वभाव शोभतो.

काळ, चाल आणि लढत

एक पाळी म्हणजे किती काळ? हा आकडा हवेतून घेऊ नका, लढाईतल्या सगळ्यात संथ महत्त्वाच्या कामावरून घ्या. पुरंदरच्या वेढ्यात ते काम म्हणजे तोफा चढवणं. मोठी तोफ डोंगरावर न्यायला तीन-साडेतीन दिवस लागल्याची नोंद आहे. म्हणून माझी एक पाळी तीन दिवसांची. मार्चअखेर ते जूनचा दुसरा आठवडा म्हणजे सुमारे ७२ दिवस, म्हणजे २४ पाळ्या. त्या हिशेबाने वज्रगड इतिहासात पाचव्या पाळीला पडला. एवढा हिशेब जुळला की खेळाचा सांगाडा उभा राहतो.

लगेच दुसरी अडचण येते. तीन दिवसांत पायदळ हा सगळा पट दोनदा ओलांडेल. मग माणसांची चाल घरं मोजून कशाला ठेवायची? ठेवू नकाच. वेढ्याच्या खेळात मोजायची असते ती तोफांची, मोर्च्यांची आणि धान्याची चाल. सपाटीवर तोफ चार घरं जाते, चढावर एक, कड्याच्या बाजूने अजिबात नाही. माणसांवर बंधन आणायला मी हुकूम ठेवले. प्रत्येक बाजूला पाळीला पाचच हुकूम, एका हुकुमात एका तुकडीने हवं तिथे जावं, पण शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल पडलं की थांबावं. पाच हुकूम फार कमी वाटतात. वाटलेच पाहिजेत, कारण सगळं करता आलं तर निवड राहत नाही.

लढतीच्या नियमासाठी थोडं गणित लागेल, पण त्याने खेळात जीव येतो. १९१६ मध्ये लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्याने दोन नियम मांडले. मोकळ्या मैदानात, जिथे प्रत्येक बंदूकवाला समोरच्या कोणावरही नेम धरू शकतो, तिथे ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. शंभर विरुद्ध साठ लढले आणि साठ संपेपर्यंत लढले, तर शंभरांतले किती उरतील? १०,००० वजा ३,६०० म्हणजे ६,४००, त्याचं वर्गमूळ ८०. वीसच माणसं गमावून साठ संपवले. पण वाट अरुंद असेल आणि समोरासमोर मोजकेच भिडू शकत असतील, तर माणसामागे माणूस जातो आणि शंभरांतले चाळीसच उरतात. संख्येचा वरचढपणा खिंडीत गळून पडतो. थोड्या माणसांनी खिंड लढवण्याच्या आपल्या सगळ्या कथांमागे हे गणित आहे. बाजीप्रभूंनी १६६०च्या जुलैत घोडखिंड निवडली तेव्हा त्यांनी वर्गाचा नियम मोडून काढला होता.

हे खेळात आणायला वर्गमुळं काढायची गरज नाही. घराच्या प्रत्येक बाजूला रुंदी द्या. मोकळ्या बाजूवर तीन तुकड्या एकदम भिडू शकतात, सोंडेवर दोन, दरवाज्याच्या वाटेवर एक. मागच्या तुकड्या पाठीशी उभ्या राहतील, पुढची संपली की तिची जागा घेतील, पण दानात त्यांची ताकद मिळवायची नाही. एवढ्या एका नियमाने मैदान आणि खिंड यांतला फरक खेळाडूच्या बोटांना कळतो.

बाकीचे नियम कमीत कमी ठेवा. भिडलेल्या ताकदीचं प्रमाण बघा, एकास एक, दोनास एक, तिनास एक, आणि दोन फाशांची बेरीज करून परिणाम वाचा: मागे हटणं, नुकसान, पाडाव. धान्याला प्रत्येक गडाचा एक आकडा, दर पाळीला तो माणसांच्या संख्येप्रमाणे उतरतो. दारूगोळ्याचंही तसंच. माझ्या पहिल्या आराखड्यात पाऊस, मनोधैर्य, घोड्यांचा चारा, सरदारांचे रुसवे असे अकरा आकडे होते. सात काढून टाकले आणि कोणालाही त्यांची उणीव भासली नाही.

घरच्यांना खेळायला बसवा

पट पुरा झाला नसला तरी बसवा. नियम तुम्ही समजावून सांगत असाल तर ते नियम अजून लिहिलेच गेलेले नाहीत. कागद त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. कुठे थांबतात, कुठे चुकीचं वाचतात, कुठे कंटाळून मोबाइल उचलतात, एवढंच लिहा.

पहिल्यांदा माझा भाचा बचावाला बसला. त्याने दुसऱ्याच पाळीला वज्रगड रिकामा केला आणि सगळी माणसं माचीवर आणली. मी विचारलं, तर म्हणाला, "मावशी, वज्रगड ठेवून मला मिळतं काय गं? तोफा तर खालूनच माचीवर मारतायत."

तो बरोबर होता. मी तोफेचा टप्पा चार घरं ठेवला होता, पण टप्पा मोजताना उंची धरलीच नव्हती. पायथ्याच्या तोफा मधल्या सोंडेतून आरपार बघत होत्या. म्हणजे पुरंदरावर उभं राहून जे डोळ्यांनी दिसलं होतं, तेच पटावर नव्हतं.

दुरुस्ती सोपी निघाली. दोन घरांच्या उंच्या एका रेषेने जोडायच्या आणि मधल्या प्रत्येक घराशी त्या रेषेची उंची जमिनीपेक्षा वर आहे का ते पाहायचं. समजा तोफ ८०० मीटरवर, लक्ष्य ११५० वर, आणि बरोबर मध्ये १००० मीटरची सोंड. मध्यावर रेषा ९७५ मीटरवर येते, सोंड तिच्याहून उंच, म्हणून दिसत नाही. तीच तोफ १२५० मीटरवर नेली तर मध्यावर रेषा १२०० वर येते आणि लक्ष्य उघडं पडतं. हा नियम घातल्यावर त्याच भाच्याने पुढच्या रविवारी वज्रगडावर एकूण माणसांतली एक तृतीयांश ठेवली.

धुकं, म्हणजे शत्रू कुठे आहे हे न कळणं, कागदावर आणायलाही जुना मार्ग आहे. प्रशियाच्या लष्करात १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वडिलांचा युद्धखेळ सुधारून रूढ केला. त्यात दोन्ही बाजू वेगळ्या बसत, हुकूम चिठ्ठीवर देत आणि खरा पट फक्त पंच बघे. घरात दोन खोल्या आणि एक समंजस पंच असला की झालं. शिवाय पंचाला जे प्रश्न पडतात तेच पुढे संगणकाला पडणार असतात. ते सगळे लिहून ठेवा, प्रोग्रामची अर्धी यादी त्यातच तयार होते.

कागदी खेळ दहा वेळा पूर्ण खेळून होईपर्यंत पुढे जाऊ नका. मला यात दोन महिन्यांचे शनिवार-रविवार लागले. कागदावर नियम बदलायला एक मिनिट लागतं, प्रोग्राममध्ये एक संध्याकाळ.

आता संगणक

साधा लॅपटॉप पुरतो. साधन म्हणून मी गोडो हे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर सुचवते. ते मोफत आहे, त्याचा मूळ कोड खुला आहे, त्यातली जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथॉनसारखी वाचता येते आणि षटकोनी घरांचा पट त्यात तयार मिळतो. चौथ्या आवृत्तीपासूनचंच घ्या, कारण आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नव्हती. प्रोग्रामिंग अगदीच नवीन असेल तर आधी 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा २००३ पासूनचा खुला खेळ उतरवा. तोही षटकोनी पटावरचा आहे आणि त्याच्या साध्या मजकूर फायलींतले आकडे बदलून काय होतं ते आठवडाभर बघता येतं.

कामाचा क्रम महत्त्वाचा. नियम आणि पडदा वेगळे ठेवा. नियमांच्या भागाला चित्रं, माऊस, आवाज यांची गंधवार्ताही नसावी. त्याला फक्त 'ही तुकडी या घरातून त्या घरात' असा हुकूम द्यायचा आणि त्याने नवी स्थिती परत द्यायची. पहिले काही आठवडे पडद्यावर नुसते आकडे आणि अक्षरं दिसतील. धीर धरा. हे वेगळेपण पाळलंत तर पुढे संगणकाला स्वतःशीच खेळवता येईल, न पाळलंत तर तिथे सगळं पुन्हा लिहावं लागेल.

प्रत्येक घराला दोन आकड्यांचा पत्ता द्या. तिसरा आकडा त्या दोघांची बेरीज करून चिन्ह बदललं की मिळतो. दोन घरांमधलं अंतर म्हणजे या तिन्हींतल्या फरकांपैकी सगळ्यात मोठा, चिन्ह सोडून. शून्य-शून्यपासून तीन-उणे एकपर्यंत जायचं तर फरक तीन, उणे एक, उणे दोन. अंतर तीन. ओळ सम की विषम हे बघत बसण्याची कटकट यात राहत नाही.

तोफ कुठवर जाऊ शकते हे शोधायला पाणी पसरावं तसं बघा. तोफेच्या घरातून सुरुवात करा, शेजारच्या प्रत्येक घरात पोचायचा खर्च लिहा, मग सगळ्यात कमी खर्चाच्या घरातून पुढे सरका, चाल संपेपर्यंत. संगणकशास्त्रात हे डायक्स्ट्राची पद्धत म्हणून शिकवतात, आणि हे स्वतः हाताने एकदा लिहावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कड्याच्या बाजूला खर्च अनंत धरला की पाणी आपोआप वाट काढतं. मग सोंडेवरून वर जाणारी वाट पडद्यावर उमटताना बघाल, ती बहुधा तुम्ही चढलेलीच असेल.

तुकड्यांचे, गडांचे, बाजूंचे सगळे आकडे कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या तक्त्यात ठेवा. फाशांसाठी संगणक जे यादृच्छिक आकडे देतो त्याचं बीज जतन करा. तेच बीज दिलं की तीच दानं त्याच क्रमाने पडतात. कोणी "नवव्या पाळीला गेम अडकला" म्हणालं तर तीच नववी पाळी तुम्हाला जशीच्या तशी उभी करता येते. आणि पहिल्या दिवसापासून गिट वापरा, म्हणजे कोडची प्रत्येक जुनी अवस्था जपून ठेवणारं साधन. एका रात्री चालत्या खेळाची मोडतोड होणारच आहे, तेव्हा कालचा खेळ परत मिळायला हवा.

समोरच्याला डोकं द्या

नवख्यांचा इथे ठरलेला मोह असतो: 'पाचव्या पाळीला वज्रगडावर हल्ला कर' असं शत्रूला शिकवून ठेवायचं. तसं केलंत तर एकदाच मजा येईल, दुसऱ्या डावात खेळाडू पाचव्या पाळीची वाट बघत बसेल.

त्याऐवजी शत्रूला मोजायला शिकवा. प्रत्येक तोफेसाठी, ती पोचू शकेल अशा प्रत्येक घराला गुण द्या. तिथून टप्प्यात आणि नजरेत शत्रूची किती घरं येतात? माची आली तर जास्त गुण, नुसता उतार आला तर कमी. तिथे पोचायला किती पाळ्या लागतील तेवढे गुण वजा. वाटेत शत्रूची तुकडी आहे का, त्याचे आणखी वजा. ज्या घराची बेरीज सगळ्यात मोठी, तिकडे चला. तुकड्यांनाही असंच, फक्त त्यांच्या हिशेबात बाजूची रुंदी येते. हे एवढं साधं गणित चांगल्या नकाशावर थक्क करणारं वागतं आणि वाईट नकाशावर वेड्यासारखं. शत्रू मूर्खपणा करत असेल तर आधी नकाशा तपासा, मग गुण.

नियम पडद्यापासून वेगळे आहेत, तेव्हा रात्री संगणकाला स्वतःशी हजार डाव खेळू द्या आणि सकाळी निकाल बघा: किती किल्ले राहिले, वज्रगड कितव्या पाळीला पडला, कुठली तुकडी कधीच हलली नाही. जवळजवळ प्रत्येक डाव एकाच आकड्यावर संपत असेल तर खेळाडूच्या निवडीला किंमत उरलेली नाही. आकडे पसरलेले हवेत आणि त्यांचा भर इतिहासाच्या आसपास.

दोन्ही बाजू खेळता येतील असंच करा. दिलेरखानाच्या बाजूने एकदा बसल्याशिवाय मुरारबाजींनी माचीवरून कसला तडाखा दिला ते कळत नाही.

अक्षरं, चित्रं आणि लोकांपर्यंत नेणं

मजकूर मराठीत लिहा आणि पहिल्यापासून लिहा. शेवटी भाषांतर करू म्हणून ठेवलं की 'युनिट मूव्ह झाले' अशी वाक्यं पडद्यावर राहतात. आपल्याकडे पट, घर, सोंगटी, दान, डाव, पाळी हे शब्द सारीपाटापासून आहेत आणि मोर्चा, माची, सोंड, खिंड, रसद, हुकूम हे लढाईचे. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत टंक लहान आकारातही वाचता येतात. 'तुकड्यांनी', 'मोर्च्यांवर' असे शब्द छोट्या बटणावर घालून बघा, वेलांटी आणि रफार कापले जात असतील तर ओळीची उंची वाढवा.

चित्रांवर सुरुवातीला फार वेळ घालू नका. समोच्च रेषांचा साधा नकाशा आणि स्पष्ट चिन्हं पुरेशी आहेत. आवाजात तोफेचा एक, पाळी संपल्याचा एक.

खेळ तयार झाला की आधी इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर ठेवा, तिथे पैसे लागत नाहीत. स्टीम या खेळांच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री हजार डॉलरपुढे गेली की ते परत मिळतात. म्हणून अनोळखी वीस-पंचवीस जणांनी खेळून अभिप्राय दिल्याशिवाय तिकडे वळू नका.

माझ्या खेळात संगणकाची बाजू नीट उभी राहायला सात महिने लागले. गुणांचं गणित जुळवलं त्या रात्री मी बचावाला बसले आणि सवयीने सगळी माणसं माचीवर लावली. पहिल्या दोन पाळ्या त्याच्या तोफा नारायणपूरच्या बाजूला नुसत्या गोळा होत होत्या. तिसऱ्या पाळीला सगळ्यात मोठी तोफ पूर्वेकडे वळली आणि वज्रगडाच्या सोंडेवर एक घर वर चढली. पूर्ण प्रोग्राममध्ये वज्रगडाचं नाव फक्त नकाशावरच्या पाटीपुरतं होतं.